हेडलाइटचं नाक

मृगाचे दोन-चार पाऊस झाले की इस्लामपुरातल्या वायरमनच्या दुकानांपुढे एकाच तक्रारीच्या गाड्या यायला लागतात. हेडलाइट आतून पांढरा झालेला असतो आणि कधी कधी तळाशी चमचाभर पाणी हेलकावत असतं. "पाणी धरलंय बघा," गिऱ्हाईक सांगतं. वायरमन काचेच्या कडेवरून बोट फिरवतो. "शिलिकॉन मारून देतो की आण्णा, थेंब जायचा न्हाई आत." मग सिलिकॉनची नळी पिळून काचेची कड, मागचं झाकण, अगदी पाठीमागे लोंबणारी रबराची छोटी नळीसुद्धा बुजवली जाते. आठ-पंधरा दिवसांनी तीच गाडी पुन्हा दारात. "आवो, सगळं पॅक केलतं की!" वायरमन खोटं बोलत नसतो. सगळं पॅक केलं होतं, आणि बिघाड तिथेच झाला होता.

हेडलाइट हा हवाबंद डबा असावा अशी आपली समजूत असते. आजच्या बहुतेक गाड्यांचा हेडलाइट तसा नसतो आणि तसा असूही नये. त्याला नाक असतं, एक नाही, बहुधा दोन. त्या नाकावाटे तो रोज हवा बाहेर सोडतो आणि आत घेतो. पाणी का शिरतं, कुठून शिरतं आणि कधी काळजी करायची, ही तिन्ही उत्तरं या श्वासात आहेत.

गाडीच्या दिव्याचं आणि पाण्याचं नातं सुरुवातीला मोठं सलोख्याचं होतं. पहिल्या मोटारींना आणि सायकलींना कार्बाइडचे दिवे असत. वरच्या कप्प्यात पाणी, खालच्या कप्प्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे. पाणी थेंब थेंब खड्यांवर पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होई आणि तो जळून पांढरा झगझगीत उजेड पडे. जत्रेत पाल ठोकून बसणाऱ्या दुकानदारांकडेही असले दिवे असत, त्यांचा उग्र वास जुन्या माणसांच्या आठवणीत असतो. त्या दिव्यात पाणी नसणं हीच तक्रार होती. पुढे डायनॅमो आणि बॅटरी आली, विजेचा बल्ब आला, आणि पाणी दिव्याचं वैरी झालं. चांदीचा किंवा निकेलचा मुलामा दिलेली पत्र्याची वाटी, पुढे काच, मधे नमदा किंवा रबर, अशा दिव्यात ओल गेली की वाटी काळवंडायची आणि उजेड वर्षागणिक कमी होत जायचा.

यावर अमेरिकेने १९४० साली एक जालीम उपाय काढला: सीलबंद दिवा. सात इंची गोल काच, मागची वाटीही काचेचीच, दोन्ही एकमेकांना वितळवून जोडलेल्या, आत तार आणि निष्क्रिय वायू. हा दिवा म्हणजे हेडलाइटएवढा मोठा बल्बच. पाणी आत जायला वाटच नाही. तार तुटली की सगळा दिवा फेकायचा आणि नवा बसवायचा. सगळ्या गाड्यांना एकाच मापाचा दिवा लावायची सक्ती असल्यामुळे तो कुठल्याही दुकानात मिळे. पण गाड्यांचे चेहरे बदलायचे होते, नाक निमुळतं करून हवेचा विरोध कमी करायचा होता, आणि गोल दिवा त्याच्या आड येत होता. १९८३ मध्ये अमेरिकेने बल्ब बदलता येणारे, हव्या त्या आकाराचे प्लास्टिकचे दिवे चालतील असं मान्य केलं. युरोपात बल्ब बदलायची पद्धत आधीपासून होतीच. आपल्याकडच्या ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि जीपचे गोल दिवे ज्यांनी पाहिलेत त्यांना आजच्या गाडीचा बंपरपासून मडगार्डपर्यंत पसरलेला दिवा बघून फरक लगेच कळेल. आकाराचं स्वातंत्र्य मिळालं आणि त्याबरोबर पाण्याचा प्रश्न परत आला.

आता थोडं गणित करू. नेहमीच्या एच-४ बल्बची ताकद डिपरला ५५ आणि अप्परला ६० वॅट. यातला फार थोडा भाग उजेडात जातो, बाकी सगळी उष्णता. मोठ्या गाडीच्या एका हेडलाइटमध्ये साधारण पाच लिटर हवा मावते असं धरा. दिवा लावण्यापूर्वी ती २५ अंशांवर होती आणि अर्ध्या तासात ७५ अंशांवर गेली. हवा तापली की फुगते. इतक्या फरकाने सुमारे सातवा हिस्सा, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास हवा, दिव्याबाहेर पडते. दिवा बंद केला की आतली हवा गार होऊन आकसते आणि तेवढीच जागा भरून काढायला बाहेरची हवा आत येते. रोज संध्याकाळी हा एक श्वास.

याच दिव्याला कुठेच वाट ठेवली नाही आणि तो तापलेला असताना गच्च बुजवला, तर गार झाल्यावर आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे चौदा टक्के कमी होईल. आकडा किरकोळ वाटतो, पण एवढी ओढ पाण्याचा स्तंभ जवळजवळ दीड मीटर, म्हणजे माणसाच्या खांद्याएवढा वर चढवू शकते. काचेचं क्षेत्रफळ सहाशे चौरस सेंटिमीटर धरलं तर बाहेरची हवा त्या काचेला ऐंशी किलोच्या वर जोर लावून आत दाबत असते. काच आणि डोम म्हणजे दिव्याचा मागचा प्लास्टिकचा डबा, यांच्यातला चिकट सांधा असे हिसके रोज सोसत राहिला की एक ना एक दिवस केसाएवढी भेग देतो. आणि भेग पडली की तिथून हवेऐवजी पाणी ओढलं जातं, कारण ही ओढ नेमकी त्या वेळी जोरात असते जेव्हा बाहेर पाणी असतं. पेठ नाक्याहून दिवे लावून येणारी गाडी वाटेत जोरदार सरीत सापडली, किंवा तापलेल्या दिव्यानिशी थेट वॉशिंग सेंटरवर उभी केली, की काच झटक्यात थंड होते, आतली हवा आकसते आणि ओल्या कडेवरचं पाणी आत खेचलं जातं. पावसाच्या थेंबाला आत घुसण्याएवढा जोर नसतो. दिवाच त्याला आत घेतो.

म्हणून दिवे बनवणारे त्याला मुद्दाम नाक ठेवतात. एखादा हेडलाइट काढून उलटा धरा, मागच्या बाजूला बहुधा अंगठ्याएवढ्या जाडीचं रबराचं एखादं वाकडं नळकांडं दिसेल, तोंड जमिनीकडे वळलेलं. दुसरं बहुधा विरुद्ध कोपऱ्यात, वेगळ्या उंचीवर. दोन तोंडं वेगवेगळ्या उंचीवर असली की गरम हवा वरच्या तोंडाने निघते, थंड हवा खालच्याने येते आणि दिव्यात हवा फिरती राहते, ओल साचत नाही. काही दिव्यांत नळकांड्याच्या आत स्पंजाचा तुकडा असतो. धूळ आणि किडे अडावेत म्हणून. तोंड खाली वळवण्यामागे युक्ती एवढीच की वरून उडणारं पाणी सरळ आत जाऊ नये.

बऱ्याच नव्या गाड्यांत या नळकांड्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला रुपयाच्या नाण्याएवढी एक पांढरी किंवा काळी चकती चिकटवलेली असते. ती साध्या प्लास्टिकची नसते. टेफ्लॉन ज्या पदार्थापासून बनतं तोच पदार्थ गरम करून झटक्यात ताणला की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात, ही गोष्ट १९६९ साली अमेरिकेतल्या बॉब गोर यांच्या हाताला लागली. वाफ म्हणजे सुटे रेणू, ते या छिद्रांतून सहज पार होतात. पाण्याच्या थेंबाला मात्र त्या पदार्थाचं वावडं असतं. तो छिद्राच्या तोंडाशीच गोल होऊन थांबतो आणि त्याला आत ढकलायला भरपूर दाब लागतो. पावसाळी जॅकेटमध्ये ही पडदी आधी गाजली, मग गाड्यांच्या दिव्यांत आली. म्हणजे हवा जावी, वाफ जावी, पाणी जाऊ नये, अशी चाळणी दिव्याच्या नाकाला बसली.

तिलाही एक पथ्य आहे. पाण्यात साबण मिसळला की पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि तेच पाणी या छिद्रांत शिरू लागतं. तेल आणि डिझेल तर छिद्रं भरूनच टाकतात. आपल्याकडे गाडी धुतल्यावर चॅसिसला आणि इंजिनखाली डिझेलचा फवारा मारायची हौस दांडगी आहे. गंज धरत नाही, गाडी चकाकते. तो फवारा हेडलाइटच्या पाठीमागेही बसतो आणि त्यावर रस्त्याची धूळ बसून महिन्या-दोन महिन्यांत नाक चोंदतं. गाडी एकदम नवी, अपघात नाही, तरी एका बाजूचाच दिवा सारखा धुरकटतो, तेव्हा सिलिकॉन शोधण्याआधी ती चकती आणि ते नळकांडं बघावं. रबराचं नळकांडं काढून कोमट पाण्याने धुता येतं. चकतीला मात्र खरवडायचं नाही, तेलकट झाली असेल तर नवी लावायची.

आता पांढऱ्या वाफेचं. दिवा बाहेरची हवा घेतो म्हणजे हवेतली ओलही घेतो, त्यामुळे कधीमधी काच धुरकटणारच. प्रश्न किती, एवढाच. तीस अंशांची, बाष्पाने तुडुंब भरलेली एक घनमीटर हवा सुमारे तीस ग्रॅम पाणी बाळगते. पंधरा अंशांवर तिला तेरा ग्रॅमही पेलवत नाही, उरलेलं ती सोडून देते. पाच लिटरच्या दिव्यात हा हिशेब केला तर सुटणारं पाणी ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतं. जेमतेम दोन थेंब. एवढंसं पाणी काचेवर पसरलं की ती पांढरी दिसते, पण दोन थेंबांचं तळं होत नाही. नुसत्या श्वासातून एका रात्रीत एवढंच पाणी येऊ शकतं. म्हणून आतून धुकं दिसलं आणि दिवे लावून अर्धा तास गाडी चालवल्यावर मधोमध काच स्वच्छ होत गेली, तर घरी जाऊन झोपावं. ओघळ दिसले, थेंब टपोरे असले, तळाशी पाणी हलत असलं, तर ते हवेतून आलेलं नाही. भेग शोधायला हवी. गाड्यांच्या मॅन्युअलमध्येही साधारण हाच भेद केलेला असतो, फक्त ते पान कुणी वाचत नाही आणि शोरूमवर भांडण होतं.

वाळवा तालुक्यात हे धुकं पावसाळ्यापेक्षा मार्गशीर्ष-पौषात जास्त छळतं, हे लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. कृष्णाकाठ, बाजूला वारणा, मधे मैलोगणती पाणी दिलेला ऊस. दिवसा ऊन, रात्री उघडं आभाळ. उसाच्या फडातून उठणारं बाष्प रात्री जमिनीलगत साचतं आणि पहाटे बोरगाव-वाळव्याच्या बाजूला पुढच्या गाडीचे दिवे दिसेनासे होतात. अशा रात्री अंगणात उभ्या गाडीची काच आभाळाकडे उष्णता फेकत हवेपेक्षाही थंड होते. दिव्याची पाठ मात्र इंजिनाच्या उबेने थोडी गरम असते. मग आतली वाफ गरम पाठीकडून थंड काचेकडे जाते आणि तिथे जमते. दिवा पाण्याच्या हद्दीत एकदाही गेलेला नसताना सकाळी काच पांढरी. शिवाय आज जिला आपण काच म्हणतो ती पॉलीकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते. हे प्लास्टिक स्वतःच थोडी ओल शोषतं आणि तापल्यावर परत सोडतं.

जुन्या बल्बची उष्णता वाया जायची, पण काच वाळवायचं काम ती फुकटात करायची. एलईडीने ती सोय काढून घेतली. एलईडीतही उष्णता निर्माण होते, पण ती मागच्या बाजूला पट्ट्या-पट्ट्यांच्या ॲल्युमिनियममधून बाहेर टाकली जाते. पुढे येणाऱ्या उजेडात गरमी जवळपास नसतेच, त्यामुळे काच थंड राहते आणि धुकं तासन्‌तास हटत नाही. यावर काही दिव्यांच्या आतल्या अंगाला असा लेप देतात की ओलीचे कण गोल थेंब न होता सपाट पसरतात आणि उजेड फाकत नाही. असा दिवा कुणी उघडून आतून साबणाने धुतला की लेप गेलाच. दुचाकीवाल्यांचं वेगळं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा हेडलाइट इंजिनासोबत लागतो आणि इंजिनासोबतच विझतो. बाजारात चार ठिकाणी थांबत गेलं तर दिवसात चार श्वास. दिव्याचा आकार लहान आणि बल्ब बऱ्याचदा ३५ वॅटचा, पण पाऊस अंगावर घेणारी जागा तीच.

श्वास उष्णतेनेच होतो असंही नाही. इस्लामपूर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास. कऱ्हाडवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेलात की बाहेरचा दाब सहा-सात टक्क्यांनी वाढतो आणि दिवा तेवढी हवा आत ओढतो, तीही कोकणातली, ओलीने जड झालेली. कोकणात मुक्कामाला गेलेल्या गाडीचे दिवे पहिल्याच सकाळी धुरकट दिसले म्हणून घाटावरच्या माणसाने हॉटेलच्या आवारात बॉनेट उघडून बसू नये. परत वर चढताना तो दिवा ती हवा बऱ्यापैकी सोडून देतो.

भेगा शोधायच्या तर त्या बहुधा आपणच पाडलेल्या असतात. सगळ्यांत पहिला संशयित म्हणजे मागचं रबरी झाकण. बल्ब बदलताना ते काढलं जातं आणि परत बसवताना एका बाजूने दुमडून राहतं. हाताला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही, पण पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी त्या दुमडीतून आत जातं. दुसरा संशयित बाजारातून आणलेला जादा उजेडाचा एलईडी बल्ब. त्याच्या पाठीला पंखा आणि ॲल्युमिनियमचा लांबडा ठोकळा असतो. तो झाकणात मावत नाही, मग झाकणाला कात्री लागते किंवा ते टपरीतच राहून जातं. त्या बल्बचा उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो हा भाग वेगळा. दिव्यासाठी मात्र ती उघडी पाठ म्हणजे पावसाळाभर उघडं खिडकीचं दार. तिसरा संशयित अपघात. बंपरला हलका धक्का बसला, दिवा फुटला नाही म्हणून वाचला असं वाटतं, पण त्याचा प्लास्टिकचा कान तुटलेला असतो किंवा डोमला मागून बारीक चीर गेलेली असते.

आणि वॉशिंग सेंटर. पाण्यापासून संरक्षणाचे जागतिक दर्जे आहेत. ज्या वस्तूवर आयपी ६७ लिहिलेलं असतं ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकावी अशी अपेक्षा असते. जोरदार फवाऱ्याची परीक्षा निराळीच असते. त्यात ८० अंश गरम पाणी ८० ते १०० बार दाबाने, दहा-पंधरा सेंटिमीटर अंतरावरून मारतात. पहिली परीक्षा पास झालेली वस्तू दुसरीत पास होईलच असं नाही, कारण बुडवणं आणि झोडपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोऱ्या हौसेने गन हेडलाइटच्या कडेला टेकवून चिखल उडवतो, तेव्हा तो अशी परीक्षा घेत असतो जी त्या दिव्याने कधी दिलेली नसते. गन दोन हात लांब धर आणि दिव्याच्या सांध्यावर रोखू नको, एवढं सांगायला हरकत नाही. दिवे गार झाल्यावर गाडी धुवायला लावावी, हेही.

गळती नेमकी कुठे आहे ते पंक्चरच्या टबात कळतं. दिवा काढायचा, बल्ब आणि झाकण जागेवर नीट बसवायचं, चकती असेल तर तिच्यावर आणि एक सोडून बाकी नळकांड्यांवर तात्पुरती चिकटपट्टी लावायची आणि उरलेल्या नळकांड्यात तोंडाने हळू फुंकत दिवा पाण्यात थोडा थोडा बुडवायचा. जिथे बुडबुडे, तिथे भेग. कंप्रेसरची हवा इथे चुकूनही लावायची नाही, दिव्याचा सांधा तिने फाटतो. भेग सापडली की तेवढीच बुजवायची. आणि बुजवताना सिलिकॉनचा वास घ्यायचा: व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिडची वाफ सोडतं. दिव्याच्या आतला आरसा म्हणजे प्लास्टिकवर चढवलेला ॲल्युमिनियमचा एक मायक्रॉनहूनही पातळ थर. ती वाफ आत कोंडली की थर डागाळतो आणि तो पुन्हा चकचकीत होत नाही. आंबट वास नसलेलं, न्यूट्रल म्हणून मिळणारं सिलिकॉन घ्यावं. डोम बहुधा पॉलीप्रॉपिलीनचा, ज्याला साधं काहीही धड चिकटत नाही, म्हणून वरून फासलेला लेप दोन महिन्यांत सालीसारखा निघतो. कारखान्यात काच ज्या काळ्या चिकट ब्यूटाइलने बसवतात तिला गरम केलं की ती पुन्हा मऊ होते. सांधा लांबवर गेला असेल तर गरम करून काच काढणं, खाच साफ करणं आणि नवी ब्यूटाइलची दोरी भरणं हाच पक्का इलाज. त्यातही आरशाला बोट लावायचं नाही. फडक्याने पुसला तर ॲल्युमिनियम फडक्यावर येतं.

वाळवण्याची घाई नको. बल्ब आणि झाकण काढून, भोक खाली करून दिवा एक-दोन दिवस कोरड्या जागी ठेवला तरी काम होतं. हेअर ड्रायर चालतो, कारण तो बेताचा गरम असतो. कारागिराची हीट गन प्लास्टिक वाकवते. चप्पल-बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाकायची एक युक्ती सगळीकडे फिरते. पाच ग्रॅमची पुडी फार तर दीड ग्रॅम पाणी धरते. दिवसातून दोनदा दिवे लागले असं धरून श्वासांतून येणारी ओल मोजली तर पुडी दीड-दोन महिन्यांत भरून जाते, मग तीच आत ओल धरून बसते. बल्बला टेकली तर जळतेही. त्याहून अघोरी उपाय म्हणजे तळाला गरम खिळ्याने भोक पाडणं. साठलेलं पाणी जातं हे खरं, पण चाकाचा चिखल त्याच भोकाने येतो आणि हंगामातली उसाच्या रस्त्यांची माती आरशावर जाऊन बसते.

ऑगस्ट २०१९ चा महापूर मात्र या सगळ्या हिशेबाबाहेरचा होता. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, महामार्ग कोल्हापूरजवळ बंद पडला आणि दारात लावलेल्या गाड्या दिवसेंदिवस पाण्यात राहिल्या. खालच्या नाकातून पाणी आत, वरच्या नाकातून हवा बाहेर, दिवा काठोकाठ भरला. अर्धा तास थोपवणारी चकती पाच दिवस काय थोपवणार? पुराच्या पाण्यात गाळ असतो. पाणी ओसरल्यावर आरशावर चॉकलेटी पापुद्रा राहतो. वाळल्यावर तो घासायला गेलं की आरसा ओरबाडतो. ओला असतानाच स्वच्छ पाणी आत ओतून हलकेच हिंदकळवून काढलं, तीन-चार वेळा, आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरने, तर काही दिवे वाचतात. होल्डरच्या पितळेवर हिरवट थर आला असेल तर तो होल्डर बदलावाच. नाहीतर जोड तापतो, वायरचं आवरण वितळतं आणि पुढच्या पावसात फ्यूज उडत राहतो.

ओल्या दिव्याचा उजेड कमी पडतो, पण त्याहून वाईट म्हणजे तो फाकतो. डिपरला उजेडाची एक स्पष्ट कड असते: खाली उजेड, वर अंधार, आपल्याकडे डाव्या बाजूला थोडी वर चढलेली, म्हणजे रस्त्याच्या कडेचा माणूस दिसावा आणि समोरच्याचे डोळे दिपू नयेत. काचेवरचा प्रत्येक थेंब त्या कडेला वाकडं करतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दिव्याने पुढची १५५ मीटर वाट दाखवावी अशी अपेक्षा आहे. आणि आपल्या भागात रात्री रस्त्यावर काय असतं? साखराळ्याच्या राजारामबापू कारखान्याकडे, वाळव्याच्या हुतात्माकडे, रेठऱ्याच्या कृष्णेकडे निघालेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या. एखादीला मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी असते, तीही चिखलाने माखलेली. ती दिसायची तर आपलाच दिवा धड हवा.

त्या ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या दिव्यांची गोष्ट जुन्या जमान्यातच थांबलेली आहे. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांना अजून गोल, पत्र्याच्या पाठीचे दिवे आहेत. ते काही चकतीने वगैरे श्वास घेत नाहीत. रबराची कड आणि तळाशी पाणी निथळायला ठेवलेली एक बारीक खाच, एवढीच त्यांची व्यवस्था. हंगाम सुरू होण्याआधी काच बदलली जाते आणि घाईत काचेची कडी उलटी बसते. खाच वर जाते आणि काचेवर उठावात कोरलेली 'टॉप' ही अक्षरं खाली. मग दिवा पावसाचं पाणी भांड्यासारखं साठवतो आणि काचेच्या रेघाही उलट्या असल्यामुळे उजेड रस्त्याऐवजी उसाच्या तुऱ्यांवर पडतो. स्क्रू सैल करून काच अर्धा फेरा फिरवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. नवं रबर स्वस्तात मिळतं. ते बसवताना खाच मोकळी आहे ना हे काडी घालून बघायचं.